चटणी जरा मागे राहू दे

कोल्हापूर जिल्ह्यात घराची चव चटणीच्या बरणीत असते. एप्रिल-मेच्या उन्हात संकेश्वरी, ब्याडगी आणि थोडी लवंगी मिरची वाळवायची, धणे-तीळ-खसखस भाजायची, कांदा आणि सुकं खोबरं तेलात परतायचं आणि लसूण-मिठासह सगळं डंक्यावर कुटून आणायचं. वर्षभराची ही बेगमी. मग मटणाचा रस्सा असो, मटकीची उसळ असो की साधं पिठलं, चमचा त्याच बरणीत जातो. माशाच्या कालवणातही तोच जातो, तेवढाच भरून. मटण ती चटणी पचवतं. नदीतली चिलापी किंवा रत्नागिरीहून आलेली मुडदुशी मात्र तिच्याखाली दबून जाते. ताटात लालभडक तर्री दिसते, भाकरी मोडून माणूस पोटभर जेवतो, पण नेमका कोणता मासा खाल्ला हे विचारलं तर चवीवरून सांगता येत नाही.

वारणानगरसारख्या गावाने या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावं, असं त्याचं ठिकाण आहे. पन्हाळा तालुक्यातलं हे गाव वारणेच्या काठी, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलं. त्याची ख्याती ऊस आणि दुधाची. पण नदी तिथेच आहे. सह्याद्रीत उगम पावून, चांदोलीच्या धरणातून सुटून, बऱ्याच अंतरापर्यंत कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द आखत ती सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. नदीतून, धरणातून आणि शेततळ्यांतून या पट्ट्यात रोहू, कटला, मृगळ, गवत्या आणि चिलापी मिळतात. नशीब असेल तर मरळ किंवा वाम. दुसरीकडून, आंबा घाट चढून रत्नागिरीचा दर्यावरचा मासा बर्फात येतो. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा समुद्राचा माल कमी होतो आणि नदी-तळ्याच्या माशावर भिस्त वाढते. नेमक्या याच दिवसांत चढणीचे मासे पकडायची धांदलही उडते. पोटात अंडी घेऊन वर चढणारी मादी खाल्ली की पुढच्या हंगामाचे मासेच खाल्ले जातात, हे काठावरच्या जाणत्यांना सांगावं लागत नाही. तळ्यातला वाढवलेला मासा त्या दोन महिन्यांत घेणं केव्हाही बरं.

यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मासा चिलापी. मूळचा आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. कुठल्याही पाण्यात तग धरतो आणि भराभर पिलावतो. त्यामुळे देशातल्या कितीतरी धरणांत तो इतका माजला की स्थानिक मासे मागे पडले. उजनीच्या काठी भिगवणला तर चिलापीवर अख्खी बाजारपेठ उभी आहे. पर्यावरणाच्या अंगाने हा पाहुणा नकोसाच, पण तव्याच्या अंगाने पाहिलं तर त्याचं मांस पांढरं, घट्ट आणि सौम्य असतं. रोहू-मृगळात मांसाच्या आत जे बारीक दुफाटी काटे असतात, ते त्याच्यात नसतात. लहान मुलांना मासा खायला शिकवायचा तर सुरुवात इथून करावी. रोहू आणि कटलाही मूळचे इथले नव्हेत. गंगेच्या खोऱ्यातले हे मासे बीज सोडून दक्षिणेतल्या धरणांत आणि तळ्यांत वाढवले गेले.

मटणाची शिस्त माशाला का चालत नाही, याचं कारण मांसाच्या बांधणीत आहे. बकऱ्याला चार पायांवर आपलं वजन तोलत डोंगर चढायचा असतो. त्याच्या स्नायूंना चिवट पडद्यांनी बांधून ठेवलेलं असतं आणि ते पडदे विरघळायला तासभर आच लागते. त्या तासाभरात मसाला आत उतरतो, चटणीचा कच्चेपणा जातो, चरबी रश्श्यात उतरते. माशाचं वजन पाणी तोलतं. त्याच्या स्नायूंतले पडदे थोडे आणि पातळ, 50-55 अंश सेल्सिअसलाच विरघळणारे. मांस पदरापदरांनी सुटतं ते यामुळे. आतलं तापमान 60 अंशांच्या आसपास गेलं की मासा शिजलेला असतो. त्यापुढे आच देत राहिलं की प्रथिनं आवळतात, पाणी पिळून बाहेर काढतात आणि हाती उरतो तो कोरडा, चरबरीत चोथा. पांढऱ्या माशात चरबीही कमी. बांगडा किंवा तारलीसारखा तेलकट मासा थोडा जास्त शिजला तरी स्वतःच्या तेलामुळे सांभाळून घेतो. चिलापी, पापलेट, मुडदुशी यांना ती सवलत नाही.

कोकण आणि गोव्यातल्या सुगरणी हा फरक फार पूर्वीपासून पाळत आल्या आहेत. तिरफळ घातलेलं झणझणीत तिखलं बांगड्याला शोभतं. पापलेटसाठी, मुडदुशीसाठी ओल्या नारळाचं मऊ वाटण, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन आमसुलं. तेलकट माशाला उग्र मसाला आणि सौम्य माशाला सौम्य, एवढा साधा हिशेब.

नदीच्या माशाची एक तक्रार कायम असते: त्याला चिखलाचा वास येतो. म्हणूनच चटणी जास्त घालतात, असं समर्थनही केलं जातं. हा वास खरा आहे. पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि ते माशाच्या कातडीत, चरबीत, काळपट मांसात साठतं. पहिल्या पावसानंतर मातीचा जो गंध आपल्याला वेड लावतो, त्यातही हेच जिओस्मिन असतं. माणसाचं नाक त्याला इतकं सरावलेलं आहे की पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी ते ओळखतं. म्हणजे चटणी कितीही लोटली तरी तो वास बुजत नाही, तिखटाबरोबर तोही जाणवत राहतो. त्यावर इलाज आंबटाचा. आम्लामुळे जिओस्मिनचं रूप बदलतं आणि वास उतरतो. समुद्रातल्या शिळ्या माशाचा वास वेगळ्या द्रव्याचा, ट्रायमिथिलअमाइनचा. तोही आम्लाने बांधला जातो आणि हवेत कमी उडतो. लिंबू, चिंच, आमसूल यांचं माशाशी जमलेलं नातं नुसत्या चवीचं नाही.

पण आंबटाच्याही आधी सुरीचं काम. पोट साफ करताना आतल्या बाजूला एक काळा पापुद्रा दिसतो. बाजारात घाईत तो तसाच राहतो. बोटाने किंवा खरबरीत फडक्याने तो पूर्ण काढला, कण्यालगतचं साकळलेलं रक्त नखाने खरवडलं आणि कल्ले मुळापासून काढले की निम्मा वास गेलेला असतो. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. फुटली तर तुकडा कडू होतो. कुणी औषधी म्हणून रोहू-गवत्याचं कच्चं पित्त गिळायला सांगत असेल, तर मुळीच ऐकू नये. त्याने मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. आणखी एक. कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात दूषित सांडपाण्यामुळे मासे मरून तरंगल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. असा फुकटचा मासा गोळा करून घरी आणू नये. विकत घेतानाही डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलेलं मांस पुन्हा वर येणारं, एवढं पाहूनच पैसे द्यावेत.

आता मीठ. मासा धुऊन झाला की बरेच जण एका वेळी मीठ, हळद, चटणी, आलं-लसूण, लिंबू सगळं चोळून तासन्‌तास ठेवून देतात. जास्त वेळ मुरलं की जास्त चव, ही समजूत मटणातून आलेली. सौम्य माशाच्या बाबतीत ती उलटते. किलोभर साफ केलेल्या तुकड्यांना दोन लहान चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवणं पुरेसं असतं. मीठ वरच्या थरातली प्रथिनं सैल करतं, ती पाणी धरून ठेवतात आणि तुकडा तव्यावर फुटत नाही. लिंबू किंवा चिंचेचा कोळ शेवटच्या दहा मिनिटांसाठी. आंबटात फार वेळ राहिलं तर मांस न शिजवताच पांढरं पडतं आणि खाताना खडूसारखं लागतं. हळद मात्र हात राखून नको. सांगलीची हळद हाकेच्या अंतरावर आहे, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि नदीच्या माशाला तिचा मातकट-गोडसर वास फार जुळतो.

दुधाच्या या गावात दही का नाही लावायचं, असा प्रश्न कुणी विचारेल. चरकसंहितेने मासा आणि दूध यांची जोडी विरुद्धाहारात घातली आणि मराठी घरांनी तो नियम दह्यापर्यंत नेऊन पाळला. बंगालमध्ये दही घालून मासा रोज शिजतो, तेव्हा हा नियम सगळ्या देशाचा नव्हे. ज्यांना मानवतं त्यांनी जरूर करावं. पण आमसूल घाटाखालून सहज येतं, चिंच बांधावर असते, लिंबू दारात असतं. दह्यावाचून इथे काहीच अडत नाही.

तव्यावरचा मासा ही वरकरणी सोपी गोष्ट. तीच सर्वांत जास्त बिघडते. मीठ-हळद मुरल्यावर तुकड्यांना पाणी सुटलेलं असतं. ते निथळून तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायचे. ओला तुकडा तेलात टाकला की आधी पाण्याची वाफ होते, तोवर तेलाची उष्णता खाली येते, मासा तळण्याऐवजी उकडतो आणि तव्याला चिकटतो. टिपलेल्या तुकड्यांवर वाटलेलं आलं-लसूण पातळ लावायचं. रंगासाठी नुसती ब्याडगी मिरचीची पूड. कांदा-लसूण चटणी इथे लावू नये, यामागे चवीइतकंच व्यवहाराचं कारण आहे. तिच्यातला कांदा आणि खोबरं आधीच परतलेलं असतं. तापल्या तव्यावर ते दोन मिनिटांत करपतं आणि कडू होतं, आत मासा अजून कच्चाच असतो. शिवाय चटणीत मीठ असतंच. मासा आधी मिठात ठेवून वर चटणी चोळली तर तुकडा खारट होणार. तिखट हवंच असेल तर तळून झालेल्या गरम तुकड्यावर चिमूटभर चटणी आणि लिंबू पिळून पाहावं. चटणीचा खमंग वास तेव्हा वर येतो आणि मासाही कळतो.

वरून घोळवायला किनाऱ्यावर रवा किंवा तांदळाचं पीठ वापरतात. चिलापीसारख्या घट्ट माशाला तांदळाचं पीठ अधिक चांगलं. रव्याचं कवच जाड होतं आणि दाताला आधी तेच लागतं. तेल पूर्ण तापलं की तुकडा सोडायचा आणि मग हलवायचा नाही. खालची बाजू सोनेरी झाली की तो स्वतःच तवा सोडतो. बोटभर जाडीच्या तुकड्याला एका बाजूला तीन-चार मिनिटं, उलटून त्याहून थोडं कमी. काट्याजवळ सुरीचं टोक घालून पाहावं. मांस काचेसारखं अर्धपारदर्शक न दिसता दुधाळ झालं असेल आणि पदर सुटत असेल, तर उतरवायचं. आतली ऊब उरलेलं काम करते. अख्खी चिलापी तळायची तर दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्याव्यात, म्हणजे मधली जाड बाजू आणि शेपटी बरोबरीने शिजतात. रोहू-मृगळाला चिरांचा वेगळाच फायदा आहे. जवळजवळ, खोल चिरा दिल्या की आतले बारीक काटे तुटतात आणि तेलात कुरकुरीत होतात.

कालवणाकडे आलं की कोल्हापूरकराला चटणीवाचून चैन पडणार नाही, आणि पडायचं कारणही नाही. फक्त तिची जागा बदलावी. तेलात ती हलकी फुलवून घ्यावी, नेहमीच्या निम्मी. त्यात ओलं खोबरं, धणे, आलं-लसूण यांचं वाटण, चिंचेचा कोळ, आणि कोल्हापुरी गुळाचा बोराएवढा खडा. रस्सा आधी मासा न घालता दहा-पंधरा मिनिटं उकळू द्यावा. मसाल्याला जो वेळ लागतो तो त्याला तिथेच द्यायचा. चव-मीठ जुळलं की आच बारीक करून तुकडे सोडायचे, पाच-सात मिनिटं झाकण ठेवायचं आणि चमच्याने न ढवळता भांडं हातात धरून फिरवायचं. मटण रश्श्याबरोबर शिजतं. मासा मात्र तयार रश्श्यात येतो.

आणि कोल्हापूरच्या हातात सौम्यतेचा स्वतःचा नमुना आहेच, त्याला कोकणातून काही मागून आणायला नको. पांढरा रस्सा. नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, मिरे, वेलदोडा. तिखटाच्या या राजधानीने मटणाच्या ताटात तो तांबड्याच्या शेजारी मांडला, माशाला मात्र क्वचितच दिला. मटणाचा आळणी रस काढून टाका, त्याऐवजी माशाचं डोकं आणि काटे वीस मिनिटं उकळून गाळलेलं पाणी घ्या, गरम मसाल्याला फाटा देऊन मिरे आणि आलं ठेवा, आंबटाला एक आमसूल. नारळाचं घट्ट दूध शेवटी, उकळी न येऊ देता, नाहीतर ते फुटतं. त्यात चिलापीचे बिनकाट्याचे तुकडे चार मिनिटं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वाफाळता भात सोबत असेल तर या कालवणाला लाल तर्रीची उणीव भासत नाही. परंपरेत हे असंच नसेल, पण परंपरेच्या सामानातूनच ते उभं राहतं.

ज्यांना वाटण-घाटणाचा वेळ नाही, त्यांच्यासाठी मुंबई-वसईकडच्या घरांतलं भुजणं आहे. कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, हळद, मीठ आणि कच्चं तेल एका पातेल्यात हाताने कुस्करायचं, त्यात मासा लोळवायचा, वाटीभर पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर ठेवायचं. फोडणी नाही, परतणं नाही. पाठारे प्रभू मंडळींच्या घरात हे फार पूर्वीपासून होतं. याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक 1910 मध्ये निघालं, आणि मराठी घरातला सामिष स्वयंपाक छापील पानावर येण्याच्या वाटेवरचा तो मोठा टप्पा ठरला. भुजण्याला पापलेटच हवं असं नाही. ताजी मृगळही त्यात छान लागते, फक्त लसूण थोडा वाढवावा.

पानातला मासा हा आणखी एक मार्ग, तेल अगदी कमी लागणारा. पारशांची पात्रानी मच्छी सगळ्यांना ऐकून माहीत असते: पापलेटला हिरव्या नारळ-कोथिंबिरीच्या चटणीत लपेटून केळीच्या पानात वाफवायचं. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात केळीच्या जोडीला हळदीचंही पान मिळतं. पातोळ्यांना कोकण जे पान वापरतं, तेच माशाला गुंडाळलं की वाफेत त्याचा सुगंध मांसात उतरतो. इडलीपात्रात दहा-बारा मिनिटं.

शहरातल्या हॉटेलांनी गेल्या काही वर्षांत एक नवा पांढरा मासा घराघरात पोहोचवला आहे: बासा. तोच आपल्याकडे धरणांतल्या पिंजऱ्यांत वाढवला जाणारा पंगस. गोठवलेला, बिनकाट्याचा, जवळजवळ बिनचवीचा. तो वाईट नाही, मात्र त्याच्यात पाणी फार. रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात वितळू द्यावा, फडक्यात दाबून पाणी काढावं, मग मीठ. नळाखाली धरून घाईने वितळवला तर कुठल्याही मसाल्याने तो सावरत नाही. पण वारणेच्या काठी ताजी चिलापी मिळत असताना त्याच्यासाठी जास्त पैसे मोजणं पटत नाही.

दुसऱ्या दिवशीचं शिळं कालवण हा या भागातला खरा आवडीचा प्रकार. सकाळी ज्वारीच्या भाकरीबरोबर ते आदल्या रात्रीपेक्षा चवदार लागतं, कारण चिंच आणि चटणी एकमेकांत मुरलेली असतात. फक्त गरम करताना पातेलं तसंच चुलीवर चढवू नये. तुकडे आधी अलगद ताटलीत काढून घ्यायचे, रस्सा एकट्याने खळखळून उकळायचा, गॅस बंद करायचा आणि मग तुकडे परत सोडून दोन मिनिटं झाकण ठेवायचं. उन्हाळा असेल तर कालवण रात्री जेवणं होताच, कोमट झाल्याबरोबर फ्रिजमध्ये जायला हवं. पावसाळ्यातही ते ओट्यावर रात्रभर ठेवू नये.